चालकाच्या आसनास हरकत नाही

गाडीच्या पुढच्या दोन सीट गरम व्हाव्यात, एवढंच काम होतं. शनिवारी सकाळी गाडी द्यायची आणि जेवायच्या वेळेला परत आणायची, असा त्रुटीसाहेबांचा बेत होता. हे काम पुढे अकरा आठवडे चाललं. त्या काळात एका सोसायटीने ठराव केला, एका सरकारी कार्यालयाने पाच माणसांच्या गाडीत सात माणसं बसवली, आणि त्रुटीसाहेबांवर उभ्या आयुष्यात आली नव्हती ती वेळ आली.

त्रुटीसाहेब हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पाणीपुरवठा कार्यालयात नळजोडणीचे अर्ज तपासायच्या टेबलावर ते एकोणतीस वर्षं बसत होते आणि तेवढ्या वर्षांत एकही अर्ज त्यांच्या हातून पहिल्या फेरीत पुढे गेला नव्हता. कुणाचा समास कमी, कुणाची सही रकान्याबाहेर, कुणाचा घर क्रमांक आकड्यात आहे पण अक्षरात नाही. अर्जाच्या डोक्यावर लाल शाईने 'त्रुटी' असा शब्द लिहून खाली एक, दोन, तीन असे मुद्दे घालायचे आणि कागद परत करायचा. लोक पाठीमागे त्यांना त्रुटीसाहेब म्हणत. हे त्यांच्या कानावर आलेलं होतं आणि, खरं सांगायचं तर, ते त्यांना आवडलेलंही होतं.

आता ऊब कशाला हवी होती, ते सांगायला हवं. त्यांच्या बायकोच्या मणक्याचं ऑपरेशन होऊन दहा महिने झाले होते. ऑपरेशन चांगलं झालं, बाई हिंडूफिरू लागल्या, पण पाठीला गारठा लागला की कंबर धरायची, ती अशी की माणसाला धड बसता येत नाही आणि उठताही येत नाही. बाईंची आई डोंगरावरच्या गावात मुलाकडे राहत होती. अडीच तासांचा रस्ता, सगळा चढाचा आणि थंडीचा. आईचं वय नव्वद. तिला आता गाडीत घालून खाली आणणं शक्य नव्हतं. त्यात तिची नजर दिवसेंदिवस मंदावत चालली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हा हिवाळा जाईपर्यंत चेहरे ओळखू येतील, पुढचं काही सांगता येत नाही.

रोज संध्याकाळी म्हातारीचा फोन यायचा.

"आवाज काय गं, रोज ऐकतेच. तोंड बघायचंय तुझं."

"येते गं आई. गाडीचं जरा काम निघालंय, ते झालं की लगेच."

गाडीचं काहीही काम निघालेलं नव्हतं. दोनदा ते दोघं निघाले होते आणि दोन्ही वेळा पहिला चढ संपायच्या आत बाईंचा चेहरा पांढरा पडला म्हणून गाडी वळवावी लागली होती. पण हे नव्वद वर्षांच्या आईला कसं सांगायचं? म्हणून गाडीवर ढकललं. फोन ठेवला की बाई थोडा वेळ खिडकीपाशी उभ्या राहत. त्रुटीसाहेब वर्तमानपत्रामागून ते बघत. बायकोची पाठ थोपटावी, चार शब्द बोलावेत, असं त्यांना फार वाटे. पण तशा कामाचा त्यांना सराव नव्हता. ज्याला बोलता येत नाही तो माणूस मग काहीतरी बसवायला घेतो. त्रुटीसाहेबांनी सीटला ऊब बसवायची ठरवली.

गाडी हायब्रिड होती. ती त्यांनीच पारखून घेतली होती, आणि घेताना तिच्या शांतपणावर ते खूश झाले होते. आता असं ध्यानात आलं की ही गाडी बॅटरीवर चालत असताना इंजिन बंद असतं, आणि इंजिन बंद म्हणजे आतली हवाही लवकर तापत नाही. पेट्रोल वाचतं आणि बायको गारठते, हा हिशेब विकणाऱ्याने सांगितला नव्हता.

खालच्या मजल्यावर वीजमंडळातले एक निवृत्त मुख्य अभियंता राहत. सोसायटीत त्यांना मेगावॉट म्हणत. कुणी नुसता बल्ब बदलायला स्टूल बाहेर काढलं तरी मेगावॉट पायात चपला सरकवून हजर व्हायचे. त्यांनी त्रुटीसाहेबांना जिन्यात गाठलं.

"सीट कशाला फाडता? माझं ऐका. गरम होणारी उशी मिळते. लायटरच्या भोकात प्लग घालायचा की झालं."

उशी आणली. ती गरमही झाली. पण ती घोटीव दगडासारखी गुळगुळीत, आणि गाडीची सीट चामड्याची. पहिल्या सिग्नलला ब्रेक लागताच उशी पुढे घसरली आणि उशीबरोबर बाई. कंबरेने पुढचे चार दिवस त्याचा जाब विचारला. मेगावॉटना हे कळवलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे उष्णतेची बाजू बरोबर होती, घर्षणाची चुकली." हा खुलासा त्यांनी विजेच्या बिलाच्या मागे आकृती काढून दिला.

मग सीटची कव्हरं शिवणारा कारागीर गाठला. त्याचं दुकान मोठ्या रस्त्यालगत होतं. बाहेर उघड्या पडलेल्या सीट एकमेकींना टेकून बसलेल्या आणि आत हा माणूस तोंडात चार टाचण्या धरून बोलणारा. चामडं उसवायचं, आत तापणारी पातळ गादी घालायची, वायर खालून न्यायची, पुढे एक स्विच द्यायचा. त्याने आजवर पन्नासएक गाड्यांना हे केलं होतं.

"हायब्रिड म्हणजे नक्की काय हो, साहेब?"

"अर्धी पेट्रोलवर चालते, अर्धी विजेवर."

"मग सीट कुठल्या अर्ध्यात येतात?"

त्रुटीसाहेबांनी सीटकडे बघितलं. कारागिराने मान डोलावली, जणू त्याला उत्तर मिळालं होतं, आणि सीट सोडवायला घेतली. सीटखाली एक पिवळा प्लग होता. तो मध्ये येत होता म्हणून त्याने तो ओढून काढला, काम झाल्यावर परत लावला, आणि 'दोन तास' म्हणून सांगितलेलं काम संध्याकाळी पाच वाजता पुरं केलं.

त्रुटीसाहेब सीटवर बसले. स्विच दाबला. पहिल्या मिनिटाला काही झालं नाही. दुसऱ्या मिनिटाला पाठीच्या खालच्या भागात अशी काही ऊब आली की त्यांनी डोळे मिटले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्या पाठीला इतकं समाधान कुणी दिलं नव्हतं. बाजूच्या सीटवर हात ठेवून पाहिला. तीही तापली होती. इथे बायको बसेल, असं म्हणून त्यांनी त्या सीटवर एकदा हलकेच थापटलं. मग गाडी सुरू केली आणि समोर एक लाल दिवा लागला.

दिवा एअरबॅगचा होता. त्याचा अर्थ गाडीच्या पुस्तकात पान दोनशे बारावर दिलेला होता: एअरबॅग वेळेला उघडेलच असं नाही. त्याखेरीज गाडी टुणटुण वाजू लागली. कारण बाजूच्या सीटमध्ये माणूस बसला आहे की नाही हे ओळखणारा एक सेन्सर असतो, आणि नव्या गादीच्या भाराने त्याची ठाम समजूत झाली की तिथे कुणीतरी बसलंय आणि ते कुणीतरी पट्टा लावत नाहीये. त्रुटीसाहेबांनी सीट दाबली, उचलली, झटकली, आणि शेवटी रिकाम्या सीटला पट्टा लावला. मग गाडी गप्प झाली.

पुढचे काही दिवस ते बाजूला कुणालाही न बसवता, त्या नसलेल्या माणसाला पट्टा बांधून कार्यालयात जात होते. फाटकावरच्या वॉचमनने दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी खालच्या आवाजात विचारलं, "साहेब, घरी सगळं ठीक ना?"

घरी बाई म्हणाल्या, "अहो, ऊब तर येतेय ना? मग दिवा लागला तर लागू दे की. जाऊन येऊ या रविवारी."

"दिवा लाल आहे."

"असू दे लाल."

"अगं, लाल दिवा म्हणजे काय, माहितीये का? पान दोनशे बारा वाच. त्याच्याखाली तुला बसवून मी डोंगर चढायचा?"

त्यांच्या म्हणण्यात चूक काही नव्हती. त्यांच्या म्हणण्यात कधीच चूक नसायची, आणि कामं तिथेच अडायची. त्या संध्याकाळी आईचा फोन आला तेव्हा बाई पहिल्यांदाच खरं बोलल्या: गाडीचं काम निघालंय.

आता पार्किंगचा प्रसंग. तो त्रुटीसाहेबांना सांगितलेला आवडत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. सीट किती वेळ गरम राहते याची नोंद करायला ते एका रविवारी वर्तमानपत्र घेऊन खाली गाडीत जाऊन बसले. दर पाच मिनिटांनी वर्तमानपत्राच्या कडेला वेळ लिहायची. पाठ शेकत होती, कोवळं ऊन होतं, आणि साहेबांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. ते धडपडत वर गेले. गाडी बंद करायची राहिली, कारण ती चालू आहे हे तिच्याकडे बघून कळतच नाही. इकडे सीट बॅटरी पीत राहिली. बॅटरी उतरली तशी गाडीने आपल्या बुद्धीने इंजिन सुरू केलं. त्या वेळी शेजारी मेगावॉट आपली सायकल पुसत होते. आत माणूस नाही, बाजूच्या सीटला पट्टा लावलेला आहे, आणि इंजिन धडधडतंय. विजेच्या खात्यात पस्तीस वर्षं काढलेला तो माणूस सायकल टाकून जिन्याने वर पळाला.

सोसायटीने सभा बोलावली आणि ठराव पास केला की 'कोणत्याही वाहनाने मालकाच्या अनुपस्थितीत स्वतःहून सुरू होऊ नये'. ठरावाची प्रत त्रुटीसाहेबांच्या दारात आली. त्यांनी ती वाचली, तारखेत एक चूक काढली आणि लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवली. एवढं केल्यावर त्यांना थोडं बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या सल्लागार बाई अतिशय नम्र होत्या. त्यांनी पाणी दिलं, बसायला दिलं आणि विचारलं, "काका, यात तुम्ही नेमकं काय करून घेतलंय?" कारागिराने पिवळा प्लग अर्धवट बसवला होता. त्यांनी तो नीट बसवून दिला, दिवा विझवला. पण टुणटुण मात्र थांबेना.

"बाजूच्या सीटचा सेन्सर गोंधळतोय, काका. आणि हे बाहेरचं काम आहे. वाहन नोंदणी कार्यालयाची मंजुरी आणल्याशिवाय आम्हाला गाडीच्या वॉरंटीत हात घालता येणार नाही."

दुसरा कुणी असता तर मंजुरी हा शब्द ऐकून मटकन खाली बसला असता. त्रुटीसाहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. अर्ज! इतके दिवस ते परक्या मुलखात ठेचकाळत होते, आता त्यांना घरचा रस्ता दिसला. त्यांनी एक पूर्ण संध्याकाळ देऊन अर्ज भरला. समास मोजून सोडला, घर क्रमांक आकड्यात आणि अक्षरात लिहिला. बाई मध्येच येऊन म्हणाल्या, "या रविवारी तरी..." तेव्हा त्यांनी बोट वर करून त्यांना थांबवलं, कारण ते रकाना चौदावर होते. रकाना चौदा असा होता: 'आसनव्यवस्थेतील बदल (संख्या)'. सीट दोन बदलल्या, म्हणून त्यांनी लिहिलं: दोन.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. आपल्या अर्जानुसार वाहनात दोन आसनांची भर पडली असून आसनक्षमता पाचवरून सात झाली आहे; तरी प्रवासी वाहतुकीचा परवाना घ्यावा, आग विझवण्याचं नळकांडं बसवावं आणि चालकाने गणवेश परिधान करावा.

त्रुटीसाहेबांनी ते पत्र दोनदा वाचलं. मग ते रजा टाकून स्वतः कार्यालयात गेले. खिडकीपलीकडचा कारकून त्यांच्याच वयाचा, त्यांच्याच चष्म्याचा, आणि त्याच्या शर्टाच्या खिशाला लाल पेन.

"सात सीट नाहीत हो. पाचच आहेत. त्यांतल्या दोन गरम केल्यात."

"तुम्ही दोन लिहिलंत."

"दोन सीट बदलल्या म्हणून दोन."

"बदलल्या म्हणजे वाढल्या किंवा कमी झाल्या. कमी झाल्या असत्या तर मागे उणे चिन्ह आलं असतं. ते नाही."

"अहो पण गरम केल्या!"

"गरम असा रकाना नाही."

"गाडी खाली उभी आहे, येऊन मोजा ना."

"आम्ही अर्ज बघतो, गाडी नाही." कारकुनाने अर्ज पुढे ओढला, पेनचं टोपण काढलं आणि शांतपणे डोक्यावर लिहिलं: त्रुटी. खाली मुद्दा एक, मुद्दा दोन. मुद्दा तीनला तो थोडा थांबला, अर्ज उजेडाकडे धरला, आणि लिहिलं: अर्जदाराची सही रकान्याबाहेर. "नवीन अर्ज भरून या. सोमवारी आणि गुरुवारी घेतो."

रागावण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. ते बोलणं त्यांना अक्षर अन् अक्षर पाठ होतं. मागे रांगेत उभा असलेला एक माणूस म्हणाला, "साहेब, चला बाजूला व्हा, यांच्याशी डोकं फोडून उपयोग नाही," तेव्हा मात्र ते अर्ज घेऊन खिडकीपासून बाजूला झाले. ते जिन्यात बराच वेळ कठड्याला धरून उभे राहिले. नळ मागायला आलेली इतकी माणसं, आणि त्यांच्यामागे घरात कुणीतरी भांडं घेऊन उभं असेल, असं त्यांच्या डोक्यात एकोणतीस वर्षांत एकदाही आलं नव्हतं. त्यांना लाज वाटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी समोरचा पहिला अर्ज पेन न उघडता पुढे पाठवला. शिपायाने विचारलं, "साहेब, बरं नाही का? पाणी आणू?"

दुसरा अर्ज गेला. तिसरा गेला. दरम्यान डोंगरावरून बाईंच्या भावाचा फोन आला. आई आता ताटातलं हाताने चाचपून जेवते, म्हणाला. समोर बसलेलं कोण, ते जवळ आल्याखेरीज सांगता येत नाही तिला. बाईंनी हे त्रुटीसाहेबांना सांगितलं आणि पुढे काही म्हटलं नाही. त्यांनी काही म्हटलं असतं तर साहेबांना बरं वाटलं असतं.

शेवटी कार्यालयाच्या आवारात तपासणी अधिकारी गाडी बघायला आले. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, पुढच्या दोन्ही सीटवर आळीपाळीने बसून पाहिलं, चालकाच्या सीटवर जरा जास्तच वेळ बसले, आणि तिथेच आदेश लिहून दिला. अकराव्या आठवड्याच्या शुक्रवारी त्रुटीसाहेब तो कागद घेऊन घरी आले. बाई टेबलाशी उभ्याने कपड्यांच्या घड्या घालत होत्या. वाकून काम करायचं नाही म्हणून टेबल चार विटांवर चढवलेलं होतं. साहेबांनी चपला काढल्या नाहीत. उभ्यानेच वाचून दाखवलं.

"मुद्दा एक. बाजूच्या आसनातील तापणारी गादी एअरबॅगच्या संवेदकास बाधा आणत असल्याने तात्काळ काढून टाकावी. मुद्दा दोन. चालकाच्या आसनास हरकत नाही." त्यांनी कागदाची घडी केली. "गादी काढून आलोय. झालं. संपलं."

म्हणजे एवढ्या सगळ्यानंतर, सरकारच्या परवानगीने, ऊब मिळणार होती ती त्या एका माणसाला, ज्याच्या पाठीला काडीचाही आजार नव्हता. त्रुटीसाहेब खुर्चीत बसले. "मला नाही जमलं गं," असं ते म्हणाले. हे वाक्य बाईंनी त्यांच्या तोंडून लग्नानंतर प्रथमच ऐकलं.

बाईंनी हातातल्या टॉवेलची घडी पुरी केली.

"दुसरा मुद्दा परत वाचा बरं."

"चालकाच्या आसनास हरकत नाही."

"मग मी चालवते."

त्रुटीसाहेबांनी मान वर केली. बाईंना गाडी चालवता येत होती. आधीची गाडी चार वर्षं त्यांनीच जास्त चालवली होती. मग एक दिवस, भर चौकात, त्यांच्या ऑफिसातल्या दोघीजणी मागे बसलेल्या असताना, त्रुटीसाहेबांनी गियरवरून, आरशावरून आणि वळण घेण्यावरून सात मुद्दे काढले होते आणि म्हटलं होतं, "उतर, तुला नाही जमायचं." बाई उतरल्या. किल्ली त्यांच्या हातात दिली. त्यावर कधी भांडण झालं नाही, आणि नऊ वर्षांत बाईंनी किल्ली परत कधी मागितली नाही. साहेबांना वाटत होतं की त्या विसरल्या.

"लायसन्स कधीच संपलं असेल तुझं," ते म्हणाले.

बाईंनी कपाट उघडून कार्ड आणून पुढ्यात ठेवलं. दीड वर्षापूर्वी नवीन करून आणलेलं होतं.

"हे कधी केलंस?"

"तुम्ही ऑफिसात होतात."

"पण डॉक्टर काय म्हणतील?"

"महिन्यापूर्वीच विचारलंय. चालवा म्हणाले, दर अर्ध्या तासाने उतरून चार पावलं टाकायची, बस्स."

"महिन्यापूर्वी? मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुम्ही माझ्यासाठीच वणवण करत होतात. त्यात मध्येच हे कसं काढू?" बाईंनी टॉवेल बाजूला ठेवला. "आणि बोलले असते, तर दिली असतीत किल्ली?"

त्रुटीसाहेबांनी खिशातून किल्ली काढली आणि विटांवरच्या त्या उंच टेबलावर ठेवली.

"एक अट आहे," बाई म्हणाल्या. "वाटेत बोलायचं नाही."

"अजिबात?"

"एक अक्षरही नाही."

रविवारी सकाळी ते निघाले. फाटकापाशी मेगावॉट उभे होते. ते काहीतरी सल्ला द्यायला खिडकीशी वाकले, पण चालकाच्या जागी बाईंना बघून सल्ला विसरले. बाईंनी स्विच दाबला आणि सीटला पाठ टेकवली. साहेब बाजूच्या सीटवर बसले. त्यातली गादी काढलेली होती आणि चामडं रात्रभर बाहेर गारठलेलं होतं. दहा मिनिटांत थंडी त्यांच्या हाडांपर्यंत पोचली. बायकोला दोन वेळा याच सीटवर बसवून आपण डोंगराकडे निघालो होतो, हे त्यांना तिथे बसल्यावर कळलं.

गाव संपेपर्यंत त्यांनी बाईंच्या चालवण्यातले सतरा मुद्दे मोजले. चढ लागल्यावर त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधू लागला आणि समोरची रबरी चटई दाबत राहिला. एका वळणावर वरून ट्रक आला तेव्हा त्यांच्या घशातून आवाज निघालाच.

बाईंनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "काय?"

"खोकला."

दर अर्ध्या तासाने बाई गाडी कडेला घेत, उतरत, चार पावलं टाकत आणि परत बसत. दुसऱ्यांदा बसताना त्या म्हणाल्या, "अहो, पाठ मऊ पडलीये. मागच्या वेळी इथपर्यंत आलेही नव्हते मी." साहेबांना बोलायची परवानगी नव्हती म्हणून बरं झालं. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं आणि काचेवर साठलेली वाफ उगाचच बाहीने पुसली. तिसऱ्या थांब्यापर्यंत सतरा मुद्द्यांतले निम्मे त्यांच्या डोक्यातून गेले होते, आणि उरलेले कोणते ते आठवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

गाडी डोंगरावरच्या घराच्या अंगणात शिरली तेव्हा अकरा वाजले होते. म्हातारी सकाळपासून बाहेर खुर्ची टाकून बसली होती. गाडीचा आकार दिसला तशी ती काठी टेकत उठली आणि मुलाचा हात बाजूला सारून सरळ चालकाच्या दाराशी आली. तिथे कोण असणार हे तिला ठाऊक होतं.

"या जावईबापू. दमलात ना? पोर कुठंय माझी?"

"इकडेच आहे, आई."

म्हातारी थबकली. बाई दार उघडून सरळ उतरल्या, कुणाचाही हात न धरता. म्हातारीने काठी सोडून दिली, दोन्ही हातांनी लेकीचं तोंड धरलं आणि एका वितीवर आणलं. नुसती बघत राहिली, एकदा या डोळ्याने, एकदा त्या.

"केस पिकले की गं तुझे," ती म्हणाली. "आणि चष्मा बदललास. हा नको, पहिला बरा होता."

"दिसतो तुला चष्मा?"

"दिसतो तर. एवढ्या जवळून दिसतो." मग तिने गाडीला हात लावून बघितला. "तूच चालवत आणलीस? एवढा चढ?"

"हो, आई."

"बाई गं," म्हातारी म्हणाली, आणि लेकीच्या तोंडावरून परत एकदा हात फिरवला. बाई रडत होत्या आणि हसतही होत्या. वर्षभराचं सगळं त्या अंगणात उतरत होतं.

या सगळ्यात त्रुटीसाहेब कुठे होते? ते अजून गाडीतच होते. त्यांची कंबर धरली होती. अडीच तासांच्या त्या थंडगार सीटने जे करायचं ते केलं होतं, आणि त्यांना ना उतरता येत होतं ना हाक मारता येत होती, कारण बोलायचं नाही ही अट अजून कुणी उठवली नव्हती. त्यांनी दार उघडलं, एक पाय बाहेर काढला, दार धरून अर्धवट उठले आणि तिथेच अडकले.

"आणि ते कुठे आहेत?" म्हातारीने विचारलं.

बाईंनी वळून बघितलं. गाडीच्या छतावरून त्यांना नवऱ्याचं कपाळ आणि दोन डोळे दिसले. काय झालंय ते त्यांना एका नजरेत कळलं, त्या दुखण्याला त्यांच्याइतकं कोण ओळखणार? त्या त्यांच्याकडे जायला निघाल्या. पण म्हातारीने त्यांचा हात धरून ठेवला.

"चल, त्या उजेडात चल," ती म्हणत होती. "नीट बघू दे मला."

साहेबांनी दारावरचा एक हात सोडला आणि बायकोला खुणेने सांगितलं, जा. बाई आईला धरून अंगणातल्या उन्हाकडे गेल्या. त्रुटीसाहेब गाडीचं दार धरून, अर्धे वाकलेले, तसेच उभे राहिले. त्यांना कसलीच घाई नव्हती.